खालून वरचं दिसेना

नाना पडले ते जिन्यात नाही की न्हाणीघरात नाही. अंगणातल्या सपाट फरशीवर, हातात पेपर घेऊन उभे असताना पडले. नाना म्हणजे माझे सासरे. खुब्यापाशी हाड मोडलं. इंदूरला नेऊन ऑपरेशन केलं, ते छान झालं, पण डॉक्टरांनी बजावलं की सध्या जिना बंद. तोवर नाना वरच्या मजल्यावर आमच्याकडे राहत. आता खाली, थोरल्या जाऊबाईंच्या पुढच्या खोलीत, खिडकीजवळ त्यांची खाट टाकली.

लोधीपुऱ्यातलं आमचं घर दुमजली आहे. खाली थोरले दीर आणि जाऊबाई, वर आम्ही. चुली वेगळ्या, पण त्या भांडून झालेल्या नाहीत. दोन्ही घरं शहाण्यासारखी वागत होती. सणावाराला एका पंगतीत जेवायचं आणि एरवी कुणी कुणाच्या डब्यात डोकवायचं नाही. जाऊबाई माझ्यापेक्षा वयानं बऱ्याच मोठ्या. मी त्यांना ताई म्हणते. माहेर शाहपूरकडचं, केळीच्या बागांतलं, आणि बोलणं रोखठोक. खरं सांगायचं तर इतकी वर्षं मी त्यांना थोडी वचकूनच होते.

माझं काम घरूनच चालतं. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, दुकानांची बिलबुकं असं काहीबाही मराठी-हिंदीत मांडून मी छापखान्यांना पाठवते. वरच्या मागच्या खोलीत दोन टेबलं आहेत. एकावर माझा संगणक, दुसऱ्यावर नानांचा. नाना चित्रकलेचे मास्तर होते आणि उभा जन्म त्यांनी फोटो काढण्यात घालवला. निवृत्तीनंतर सगळे जुने फोटो आणि निगेटिव्ह स्कॅन करून संगणकात घालायचं काम त्यांनी काढलं. प्रत्येक फोटोला स्वतः विचार करून नाव द्यायचे. ‘तापीचा पूर, जैनाबादच्या काठावरून’. ‘शाळेचा गणपती, डावीकडचा मुलगा हलला’. मध्येच मला विचारायचे, “बेटा, ‘हलला’ बरं वाटतं की ‘स्थिर राहिला नाही’?” मी म्हणायची, “हलला, नाना.” आणि दोघं पुन्हा आपापल्या कामाला लागायचो. अशी आमची दुपार जायची.

नाना खाली गेले आणि ती खोली एकदम मोठी वाटायला लागली. मी दोनदा चहा जास्तीचा टाकला.

तिकडे खाली नानांचाही वेळ जाईना. टीव्ही बघायचे आणि चिडायचे. एक दिवस म्हणाले, “माझे फोटो तरी बघू द्या.” माझे यजमान सुताच्या पेढीवर कामाला, झटपट उरकायची त्यांची सवय. त्यांनी पेनड्राइव्हमध्ये थोडे फोटो भरून टीव्हीला लावून दिले. नाना खूश झाले, ते संध्याकाळपर्यंत. मग त्यांना फोटोंची नावं बदलायची होती, काही राहिलेली द्यायची होती. पेनड्राइव्हवर बदललं की वरच्या संगणकावर जुनंच राहणार. एकाच फोटोची दोन नावं ही कल्पनाच त्यांना सहन होईना. “हे म्हणजे एकाच पोराला दोन शाळांत घातल्यासारखं आहे,” ते म्हणाले.

पुतणी, म्हणजे ताईंची मुलगी, इंदूरला शिकते. तिला फोनवर विचारलं तर म्हणाली, “काकू, आजोबांना एक टॅब घेऊन द्या ना यार, इतना क्या सोचना!” पण नानांना टॅब नको होता. त्यांना त्यांचे फोटो हवे होते, जिथे ठेवलेत तिथलेच.

संगणक खाली आणावा, तर त्या छोट्या खोलीत खाट, वॉकर आणि औषधांचं स्टूल ठेवल्यावर जागाच उरत नव्हती. पुतणीचा जुना लॅपटॉप मात्र खाली पडूनच होता. मी म्हटलं, एवढं काय त्यात. दोन्ही संगणक एकाच घरात, एकाच इंटरनेटवर. नानांचा फोल्डर वरून सगळ्यांना खुला करते, खालच्या लॅपटॉपवर उघडून देते, लॅपटॉप टीव्हीला जोडते. चहा उकळेपर्यंत होईल.

तसं म्हणायला मला कारणही होतं. गल्लीतून इंटरनेटची तार येते ती खालच्या मजल्यावर, ताईंच्या राउटरमध्ये. तिथून एक वायर जिन्याच्या भिंतीवरून वर आमच्या राउटरला येते आणि त्यावर आमचं वरचं चालतं. प्रिंटर खाली आहे. मी वर्षानुवर्षं वर बसून प्रिंट सोडते आणि कागद खाली निघतो. वरून खाली जातं, म्हणजे खालून वरही येणार, असं मी धरून चालले.

ते आलं नाही. लॅपटॉपवर नानांच्या संगणकाचा पत्ता टाकला की बराच वेळ नुसतं चक्र फिरे आणि मग संदेश येई की पोहोचता येत नाही. घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर आकड्यांचा एक पत्ता देतो, तो मी पुन्हा पुन्हा तपासला. बरोबर होता. मी वर गेले आणि तिथून खालच्या लॅपटॉपला हाक दिली. हाक म्हणजे एक छोटीशी आज्ञा असते. पलीकडचं यंत्र जागं असेल तर उत्तर देतं. लगेच उत्तर आलं. खाली येऊन वर हाक दिली, तर काहीच नाही.

“काय करून राहिली तू मघापासून वरखाली?” ताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “गुडघे जातील ना.”

मी सांगितलं की वरून खालचं दिसतंय, पण खालून वरचं दिसत नाहीये.

“मंग तू वर बस. मी खाली बसते. काय दाबायचं ते सांग.”

मला वाटलं नव्हतं त्या बसतील. पण त्यांनी पदराला हात पुसले, नानांच्या खाटेशेजारी खुर्ची ओढली आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. मी फोन करते म्हटलं तर म्हणाल्या, “फोन कशाला? जिना आहे ना.” आणि तिथून आमचा आरडाओरडा सुरू झाला. मी वरून काहीतरी बदलायची आणि ओरडायची, “ताई, आता?” खालून यायचं, “नै!” पुन्हा, “आता?” “नै गं!” मध्येच नाना त्यांच्या मास्तरी आवाजात सांगायचे, “नाही म्हणतेय ती.” समोरच्या घरातल्या काकू गॅलरीत आल्या आणि विचारू लागल्या, काही हरवलंय का.

शेवटी मी खाली आले आणि दुसरी आज्ञा दिली. ती निरोप कुठून कुठून जातो ते एकेक ठिकाण दाखवते. पहिलं ठिकाण आलं, खालचा राउटर. तिथून पुढे निरोप वर जायला हवा होता. पण दुसऱ्या ओळीत आला तो भलताच पत्ता, आमच्या घरातला नव्हेच. मी तीच आज्ञा पुन्हा देऊन बघितली.

“काय झालं?” नानांनी विचारलं.

“नाना, आपला निरोप जिना चढतच नाहीये. तो गल्लीत निघून गेलाय.”

“गल्लीत?”

“इंटरनेटच्या तारेवरून बाहेर. तुमच्या खोलीतून वरच्या खोलीत जायचं सोडून तो गावाबाहेर चाललाय.”

ताई राउटरकडे बघून म्हणाल्या, “येडा आहे का हा?” आणि नाना इतके हसले की खुबा दुखला आणि त्यांना हसणं आवरावं लागलं. पडल्यापासून ते असे पहिल्यांदाच हसत होते.

राउटर येडा नव्हता. वरचा राउटर आपल्या मजल्याचे पत्ते स्वतःच वाटतो. ते पत्ते खालच्याला कुणी कधी सांगितलेच नव्हते. ओळखीचा नसलेला पत्ता आला की तो बाहेरचा असणार असं समजून तो बाहेर ढकलायचा. त्याला एक वाट शिकवायची होती: असा असा पत्ता आला तर बाहेर टाकू नकोस, वरच्या राउटरकडे दे. खालच्या राउटरच्या सेटिंगच्या पानावर, दोनचार रकान्यांच्या आड, अशी वाट लिहायची सोय असते. ती शोधायला त्या दिवशीची दुपार गेली. लिहिली आणि पुन्हा बघितलं. आता निरोप गल्लीत जात नव्हता. खालच्या राउटरपाशी येत होता आणि पुढे गप्प.

मी वैतागले. म्हटलं जाऊ दे, उद्या बघू. ताई मात्र लॅपटॉप सोडेनात. त्या विचार करत होत्या.

“एक सांग,” त्या म्हणाल्या. “तू प्रिंट सोडते तेव्हा प्रिंटर तुला सांगतो ना, कागद संपला म्हणून? तुझ्या स्क्रीनवर येतं ना ते?”

“येतं.”

“मंग ते खालूनच वर जातं ना? त्याला कसं जाऊ देतात?”

 प्रश्न अगदी नेमका होता. प्रिंटरचं बोलणं वर पोहोचत होतं, कारण आधी मी त्याला विचारलेलं असायचं. वरचा राउटर उत्तराला आत घेत होता. न विचारता आपणहून आलेल्याला मात्र दारातच अडवत होता. तो दोषही नव्हता. कुणी अनोळखी आत घुसू नये म्हणून बसवलेला पहारा होता तो, फक्त आपल्याच खालच्या मजल्याला परका समजत होता.

“ताई, तुम्ही बरोबर पकडलंत,” मी म्हटलं.

“मी कुठं काय पकडलं? मी तर विचारलं,” त्या म्हणाल्या. पण खूश झाल्या होत्या. त्या दिवशी जेवायला त्यांनी मला वर जाऊच दिलं नाही. यजमानांना वर निरोप गेला, तोही ओरडूनच, की पोळ्या खालीच आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळचं आवरल्यावर आम्ही पुन्हा बसलो. वरचा पहारा काढायला मला भीती वाटत होती. बाहेरून काही आत आलं तर? माझ्या गिऱ्हाइकांची कामं त्याच संगणकांवर असतात. मग लक्षात आलं की गल्लीतून येणाऱ्यासाठी खालच्या राउटरचा पहारा आहेच. वरचा तेवढा काढला. तरीही खालून “नै!” आता उरला नानांच्या संगणकाचा स्वतःचा पहारा. तोही फक्त आपल्या मजल्यावरच्यांनाच ओळखत होता. त्याला खालच्या मजल्याचे पत्ते सांगितले, परवानगी दिली आणि जिन्याच्या तोंडाशी येऊन मी उभी राहिले. या वेळी विचारलंही नाही.

 खालून ताईंचा आवाज आला, पण ओरडलेला नव्हे.

“अगं, ये खाली. आई दिसून राहिल्या.”

मी खाली गेले. टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर माझ्या सासूबाई होत्या. मी लग्न होऊन या घरात आले त्याच्या आधीच त्या गेल्या होत्या. भिंतीवर हार घातलेला एक फोटो आहे, तेवढीच माझी ओळख. हा फोटो वेगळा होता. तापीवरच्या राजघाटाच्या पायऱ्यांवर त्या उभ्या, डोळ्यांवर ऊन, आणि चेहऱ्यावर साफ दिसत होतं की आता बस झालं.

“फार वेळ उभं केलं होतं मी तिला,” नाना म्हणाले. “ढग सरकायची वाट बघत होतो.”

“घरी आल्यावर दिवसभर बोलल्या नव्हत्या तुमच्याशी,” ताई म्हणाल्या. “मला आठवतं ना. मी नवी होती तेव्हा. मला म्हणाल्या, तुझ्या सासऱ्याला बायको नको, पुतळा पाहिजे.”

“असं म्हणाली ती?” नानांनी विचारलं. त्यांना हे ठाऊक नव्हतं.

“हो. आणि मंग तुमच्यासाठी मावा जलेबी आणायला मलाच पाठवलं.”

नाना त्या फोटोकडे बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, “पुढचा.” ताईंनी पुढचा लावला. त्या दुपारी मला माझ्या सासूबाई भेटल्या असं म्हटलं तरी चालेल. आणि ताईही. प्रत्येक फोटोला नाना उजेडाचं सांगायचे आणि ताई माणसांचं. हा कुणाचा मुलगा, या लग्नात कोण रुसलं, या साडीचं पुढे काय झालं. मी दोघांच्या मध्ये बसून ऐकत होते. छापखान्याचा फोन येऊन गेला तो मी घेतलासुद्धा नाही.

चार दिवस छान चाललं. मग एका सकाळी लाइट गेली, ती चांगली दुपारी आली. मी तेव्हा बाजारात एका छापखान्यात प्रूफ तपासत होते. ताईंचा फोन.

“बंद पडलं.”

“काय?”

“नानांचं. वरचा संगणक चालू करून आली, तरी पोहोचता येत नै म्हणतंय. नाना तोंड फिरवून झोपलेत.”

मी म्हटलं येते अर्ध्या तासात. त्या म्हणाल्या, “तू काम कर. मला सांग, काय लिहायचं.”

मशीनच्या खडखडाटात, एका कानावर हात ठेवून, मी त्यांना ती वाट दाखवणारी आज्ञा एकेक अक्षर सांगितली. त्या एकेक अक्षर शोधून दाबत होत्या. छापखान्याचे मालक माझ्याकडे बघत होते. थोड्या वेळानं ताई म्हणाल्या, “गल्लीत नै गेलं. खालच्या राउटरपाशीच अडलं.”

म्हणजे लिहिलेली वाट जागेवर होती, तरी निरोप पोहोचत नव्हता. मी त्यांना राउटरचं पान उघडायला सांगितलं. त्यात एका ठिकाणी सध्या कुणाला कोणता पत्ता दिलाय ते दिसतं.

“वरच्या राउटरचा पत्ता वाचा,” मी म्हटलं. त्यांनी वाचला. “आता आपण लिहिलेल्या वाटेत कोणता आहे तो वाचा.”

त्या वाचता वाचता थांबल्या. “शेवटचा आकडा वेगळा आहे गं.”

“असा कसा वेगळा?”

“मी काय सांगू असा कसा? लाइट गेली होती.” मग एकदम त्यांच्या आवाजात तेज आलं. “लाइट गेली होती! सगळे बंद पडून पुन्हा चालू झाले ना. यानं त्याला नवा पत्ता दिला असंल, आणि आपण वाट लिहिली जुन्या पत्त्यावर.”

मी छापखान्यात उभ्या उभ्या हसायला लागले. हेच होतं. खालचा राउटर निरोप घेऊन त्या पत्त्यावर जायचा आणि तिथे कुणीच नसायचं.

“आता काय करायचं? नवा लिहू वाटेत?”

“नवा लिहिला तर पुढच्या वेळी लाइट गेली की पुन्हा हेच होईल. ताई, पत्ता कायमचा बांधून ठेवायची सोय आहे त्याच पानावर. वरच्या राउटरला दरवेळी जुनाच पत्ता द्यायचा, असं सांगायचं. मी घरी आल्यावर करते.”

“कुठं आहे ते सांग फक्त.”

सांगितलं. त्यांनी केलं, आणि वर जाऊन आमचा राउटर एकदा बंद करून चालूही केला. मी घरी पोहोचले तेव्हा टीव्हीवर जैनाबादला जाणारी नाव होती आणि नाना उठून बसले होते. ताई कोथिंबीर निवडत होत्या, जणू काही झालंच नाही. पण मी चपला काढतेय तोच म्हणाल्या, “लाइट पुन्हा जाऊन आली मघाशी. चालू आहे.”

त्यानंतर एकदा मी वर माझ्या टेबलाशी प्रश्नपत्रिका मांडत होते. नानांचा संगणक हल्ली दिवसभर चालूच असे, काहीतरी शोधायला म्हणून त्याचा पडदा लावला. त्यांचा फोल्डर उघडला होता. बघता बघता त्यातल्या एका फोटोचं नाव बदललं. माझा हात कशावरच नव्हता. खुर्ची रिकामी होती. थोडा वेळ गेला आणि पुढच्या फोटोचं नाव बदललं. खाली खाटेवर बसून नाना एकेक नाव लिहीत होते, त्यांच्या त्या सावकाश बोटांनी, आणि ते इथे वर उमटत होतं. ‘राजघाट. ढगाची वाट पाहताना. ती चिडली आहे’. मी माझं काम बाजूला ठेवलं आणि त्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसले. पुढचं नाव येईपर्यंत बसून राहिले. मग त्याच्याही पुढचं येईपर्यंत.

एका फोटोच्या नावात त्यांनी ‘यंत्रमागावर’ लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मी जिन्यात जाऊन म्हटलं, “नाना, राहू द्या, चांगलं आहे ते.”  मग त्यांचा आवाज आला, “तू बघतेयस होय?” आणि नंतर जरा थांबून, “बरं झालं. मग ‘पहाट’ बरं की ‘सकाळ’?”

“सकाळ, नाना.”

आता नाना काठी घेऊन चालतात. जिनाही चढतात, कठडा धरून. पण राहायला ते खालीच आहेत. खिडकीत ऊन चांगलं येतं म्हणतात, आणि ताईंच्या हातची आमटी त्यांना आवडते, हे त्यांनी माझ्या तोंडावर सांगितलं. मला वाईट वाटलं नाही, कारण हल्ली आमच्यातली एक चूल बहुतेक दिवस बंदच असते. मी पोळ्या करते, ताई आमटी करतात, आणि जेवण खालीच होतं.

परवा आम्ही दोघी भाजी चिरत बसलो होतो. ताईंना माहेरून भावाचा फोन आला. शाहपूरला त्यांनी घराला आणि गोठ्याला कॅमेरे बसवलेत, गोठ्यात दुसरा राउटर लावलाय, आणि गोठ्यातला कॅमेरा घरातल्या टीव्हीवर काही केल्या दिसत नाही म्हणून तो रडकुंडीला आला होता. मी फोन घ्यायला हात पुढे केला. ताईंनी नुसतीच मान हलवली, सुरी खाली ठेवली आणि फोन कानाला नीट लावला.

“हे बघ भाऊ, घाबरू नको,” त्या म्हणाल्या. “आधी मला सांग, गोठ्यातून घरातलं दिसून राहिलं का?”